प्रमोद महाजन : प्रचाराचा शिल्पकार आणि प्रशिक्षणाचा विसरलेला धडा

१/ भारतातील आधुनिक निवडणूक-व्यवस्थापनाचा इतिहास सांगताना बहुतेक जण दिल्लीतील ‘वॉर रूम’पासून आरंभ करतात. त्या इतिहासाचे एक मूळ मात्र बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत आहे. प्रमोद महाजन (१९४९–२००६) यांनी दोन यंत्रणांना आकार दिला. एक कार्यकर्ता घडवणारी, दुसरी संदेश पोहोचवणारी. दुसरीने पहिलीला झाकोळले, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा पराभव झाला. या थ्रेडमध्ये त्याची मीमांसा.

२/ प्रथम गाव. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ येथील योगेश्वरीच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकाने वर्गाबाहेर पडून समाजाचे संघटन करावे, ही परंपरा या गावाला १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीपासून ठाऊक होती.

३/ या जिल्ह्याचा मतदारही ठरावीक चाकोरीतला नव्हे. १९६७ मध्ये बीडने सातारा-सांगली परिसरात प्रतिसरकार उभे करणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट खासदार म्हणून लोकसभेत पाठवले. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. काँग्रेसच्या बहराच्या काळातही येथे पर्यायाला जागा होती. मात्र ती पायी फिरून मिळवावी लागे.

४/ महाजनांचा जन्म महबूबनगरचा, जडणघडण अंबाजोगाईची. वडील शिक्षक. शिक्षण योगेश्वरीत, पुढे पुण्यात पत्रकारिता. काही काळ त्यांनी अंबाजोगाईच्या खोलेश्वर विद्यालयात इंग्रजी शिकवले. १९७४ मध्ये नोकरी सोडून ते संघाचे पूर्णवेळ प्रचारक झाले. आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात गेले. महाविद्यालयातील त्यांचे मित्र होते परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे.

५/ या दोघांना घडवणारे नाव आज फारसे घेतले जात नाही : वसंतराव भागवत. जनसंघाचे आणि नंतर भाजपचे महाराष्ट्रातील संघटनमंत्री. ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ ही प्रतिमा पुसल्याखेरीज पक्ष वाढणार नाही, हे त्यांनी ओळखले. माळी, धनगर, वंजारी या समाजांतून नेतृत्व पुढे आणण्याचे ‘माधव’ सूत्र त्यांच्याच नावे सांगितले जाते. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही त्या सूत्राची ठळक उदाहरणे.

६/ भागवतांच्या पद्धतीत भाषणाआधी मुक्काम येई. कार्यकर्त्याने गावात जावे, कोणाच्या तरी ओसरीवर बसावे, तिथेच जेवावे आणि परतल्यावर काय ऐकले ते बैठकीत सांगावे. या प्रवासात पक्षाचा विचार गावात पोहोचे आणि गावाचे म्हणणे पक्षात येई. वाटेवरची वाहतूक दुहेरी होती. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

७/ १९८२ मध्ये रामभाऊ म्हाळगी यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी स्थापन झाली. तिच्या उभारणीत भागवत आणि महाजन यांचा मोठा वाटा होता. राजकीय कार्यकर्त्यांना पद्धतशीर प्रशिक्षण देणारी ही संस्था आज भाईंदरजवळ उत्तन येथे आहे. नावाची निवडही अर्थपूर्ण होती. आपण वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवणारे लोकप्रतिनिधी म्हणून म्हाळगी ओळखले जात.

८/ १९८४ मध्ये भाजपला लोकसभेच्या अवघ्या २ जागा मिळाल्या. ईशान्य मुंबईतून महाजन स्वतः पराभूत झाले. लोकसभेवर ते आयुष्यात एकदाच, १९९६ मध्ये, निवडून आले. १९९८ मध्ये पुन्हा हरले. इतरांच्या विजयाची आखणी करणाऱ्या माणसाची संसदीय कारकीर्द मुख्यतः राज्यसभेत गेली. त्यांचे सामर्थ्य मतदारसंघ बांधण्यात नव्हते, मोहीम बांधण्यात होते.

९/ शिवसेनेशी युती जुळवण्यात आणि टिकवण्यात महाजन अग्रभागी होते. १९९० मध्ये विधानसभेत सेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. १९९५ मध्ये ७३ आणि ६५. सत्ता आली, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुंबईत वाटाघाटी करणारे महाजन आणि वाड्या-तांड्यांवर फिरणारे मुंडे, अशी ही विभागणी होती. एकाने आखावे, दुसऱ्याने ऐकून यावे.

१०/ याच काळात दुसरी यंत्रणा आकार घेत होती. अयोध्येच्या प्रश्नावर लालकृष्ण अडवाणी पदयात्रेचा विचार करत असताना वाहनाला रथाचे रूप देण्याची कल्पना महाजनांनी मांडली. २५ सप्टेंबर १९९० रोजी सोमनाथहून रथ निघाला. २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला अडवाणींना अटक झाली. पायी चालणाऱ्याला गावात थांबावे लागते. रथ पुढे जातो, लोकांनी रस्त्याकडेला उभे राहून तो पाहायचा असतो.

११/ रथयात्रेचे यश जागांत मोजले गेले : १९८९ मध्ये ८५, १९९१ मध्ये १२०. तिची किंमत मात्र दंगलींत आणि दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९९२ नंतर, पुन्हा रक्तात मोजावी लागली. प्रभावी मोहीम काय पेटवते आणि ते विझवायला कोण उरते, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या कौतुकात हरवू देता कामा नये.

१२/ जानेवारी २००३ मध्ये केंद्रीय मंत्रिपद सोडून महाजन पक्षाचे सरचिटणीस झाले. वर्षअखेर त्यांच्या देखरेखीखाली राजस्थानात भाजपने २०० पैकी १२० जागा जिंकल्या. त्याच आत्मविश्वासात लोकसभेची निवडणूक मुदतीआधी घेण्यात आली. ‘इंडिया शायनिंग’च्या सरकारी जाहिराती झळकल्या, घरोघरच्या दूरध्वनींवर वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज वाजला. अशा आवाजाला उत्तर देण्याची सोय नसते.

१३/ निकाल आला तेव्हा भाजप १८२ वरून १३८ वर घसरला होता. त्याआधी महाराष्ट्राच्या मोठ्या भागाने अवर्षण सोसले होते. ऊसतोडीसाठी कोयता घेऊन दरवर्षी गाव सोडणाऱ्या बीडच्या मजुराला ‘चमकता भारत’ कोणत्या फडात दिसणार होता? भाजपतर्फे १९९८ आणि १९९९ मध्ये बीड जिंकणारे जयसिंगराव गायकवाड पाटील २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून निवडून आले. महाजनांच्या स्वतःच्या जिल्ह्यात जमीन सरकली होती.

१४/ यावर आक्षेप घेता येईल : पराभवाची कारणे अनेक होती. द्रमुक आघाडीतून बाहेर पडला होता, आंध्रात मित्रपक्ष कोसळला, काँग्रेसने मित्र जोडले. हे सारे मान्य. एखादा पराभव अटळही असू शकतो. प्रश्न असा की तो इतका अनपेक्षित का ठरला? हजारो प्रशिक्षित कार्यकर्ते असलेल्या पक्षाच्या नेतृत्वाला निकालाच्या दिवशी धक्का बसतो, याचा अर्थ खालून वर येणारी वाट बुजली होती.

१५/ कारण उघड आहे. मोबदला घेऊन काम करणाऱ्या संस्थेला ग्राहकाचे समाधान जपावे लागते. मुक्काम करून आलेला कार्यकर्ता वाईट बातमी सांगू शकतो, कारण त्याला पुन्हा त्याच गावात जायचे असते. महाजनांनी पराभवाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली, हा त्यांचा मोठेपणा. ३ मे २००६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्या चुकीतून शिकून नवी मांडणी करण्याचा अवकाश त्यांना मिळाला नाही.

१६/ आज सर्वच पक्ष महाजनांचे वारसदार आहेत. सल्लागार, सर्वेक्षणे, ध्वनिसंदेश, आकर्षक घोषणा हे सारे त्यांच्याकडून उचलले गेले. भागवतांकडून महाजनांना मिळालेला अर्धा वारसा मात्र मागे राहिला. कार्यकर्ता आता संदेश ‘फॉरवर्ड’ करतो. गावाने काय म्हटले, हे त्याला क्वचितच कोणी विचारते.

१७/ म्हणून महाजनांच्या कारकिर्दीचा धडा २००३ च्या राजस्थानात नाही आणि रथावर तर नाहीच. तो प्रबोधिनीला दिलेल्या नावात आहे. मतदारांपुढे वर्षाचा हिशेब ठेवणाऱ्या म्हाळगींच्या नावाने प्रशिक्षणसंस्था उभारणाऱ्या माणसाला, मतदार ऐकणारा नसून हिशेब मागणारा असतो, हे एकेकाळी पक्के ठाऊक होते. ज्या पक्षाच्या वर्गात हा पाठ आजही शिकवला जात असेल, त्याला मोठा निकाल आधी कळेल.