हसण्यावारी न्यावी अशी चूक आणि न न्यावी अशी चूक

डॉक्टरांचे स्नेहसंमेलन असो वा आपल्या मंडळाचा गणेशोत्सव, व्यासपीठावर एक कार्यक्रम हमखास रंगतो. कोणीतरी ध्वनिक्षेपक हाती घेतो आणि आपल्या लोकांच्या इंग्रजीचे मासले सांगू लागतो. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’, ‘माय कझिन ब्रदर इज आउट ऑफ स्टेशन’, ‘मीटिंग प्रीपोन केली आहे’, ‘आय पास्ड आउट इन एटी-नाइन’. सभागृह खळखळून हसते. या हसण्यात दुष्टावा नसतो, हे मान्य. तथापि हसताना आपण ज्यांना चुका म्हणतो त्या खरोखर चुका आहेत काय, आणि ज्या खऱ्या चुका आहेत त्यांच्याकडे आपले लक्ष आहे काय, हे दोन प्रश्न वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ‘गुड नेम’ हे ‘शुभ नाम’चे सरळ भाषांतर आहे आणि त्यात समोरच्याविषयीचा आदर आहे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ अशी नाती वेगवेगळी ओळखणाऱ्या समाजाला नुसते ‘कझिन’ अपुरे वाटले, म्हणून त्याने पुढे ‘ब्रदर’ जोडले. ‘पोस्टपोन’ आहे तर ‘प्रीपोन’ का नसावे, या तर्काने घडलेला शब्द तर आता मान्यवर इंग्रजी कोशांतही जाऊन बसला आहे. इंदुरात चार पिढ्या राहून आपल्या मराठीने हिंदीचे जे पाणी घेतले, तेच इंग्रजीने हिंदुस्थानात केले. त्याला बोली म्हणावे. ‘पास आउट’पुरती मात्र सावधगिरी हवी. पदवीधर झालो या अर्थाने तो शब्द आपण वापरतो, परंतु इंग्लंडमधील मुलाखतीत ‘मी एकोणनव्वद साली पास आउट झालो’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला प्रथम आपण शुद्ध हरपून पडलो होतो असेच वाटेल.

अभिवादनाचेही तसेच आहे. इंग्रजी बोलणारे सर्व जण एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, ही आपली शाळेतली समजूत. टेक्सासचा माणूस ‘हाउडी’ म्हणतो, आणि तो शब्द ‘हाउ डू यू डू’चाच झिजलेला अवतार आहे. यॉर्कशरमध्ये ‘ए अप’ ऐकू येते. इंग्लंडात इतरत्र नुसते ‘ऑल राइट?’ म्हणून लोक पुढे निघून जातात. ऑस्ट्रेलियातला शेजारी ‘हाउ यू गोइंग?’ विचारतो, तेव्हा आपण बसने जाणार की मोटारीने, हे त्याला नको असते. आयरिश लोकांच्या तोंडी नाटक-सिनेमांनी घातलेले ‘टॉप ऑफ द मॉर्निंग’ प्रत्यक्ष आयर्लंडमध्ये क्वचितच कोणी म्हणतो. आणि आपल्या इंदुरात ‘भिया, राम!’ म्हटले की प्रकृती, हवापाणी आणि राजकारण या सर्वांची चौकशी एका दमात उरकते. यांपैकी कोणतेही अभिवादन शुद्ध वा अशुद्ध नाही. ते त्या त्या गावचे आहे, इतकेच.

परंतु दवाखान्याच्या दाराशी हीच गोष्ट निराळे रूप घेते. ‘हाउ आर यू?’ हा प्रश्न वाटतो, पण बहुतेक ठिकाणी तो नमस्कार असतो आणि त्याचे उत्तर ‘फाइन, थँक यू’ असे ठरलेले असते. आपल्याकडेही ‘कसे आहात?’ला ‘बरं आहे’ आणि गुजरातीतल्या ‘केम छो’ला ‘मजामां’ हेच उत्तर असते. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आजींना तिथली परिचारिका ‘हाउ आर यू टुडे?’ म्हणते, आजी संकोचाने ‘फाइन’ म्हणतात, आणि छातीत सकाळपासून होणारी जळजळ सांगायची राहून जाते. आपल्या बाह्यरुग्ण विभागातही याहून वेगळे घडत नाही. नमस्कार झाल्यावर प्रश्न नव्याने विचारावा लागतो: काय होते आहे, कधीपासून, आणि काल रात्री झोप लागली का? अभिवादनाला तपासणी समजणे ही चूक कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. रुग्णाला मात्र ती महागात पडू शकते.

आता शुद्धलेखनाकडे वळू. बालरोगशास्त्राचे इंग्रजी नाव ब्रिटिश पद्धतीने लिहिताना ‘पी’नंतर ‘ए’ आणि ‘ई’ अशी दोन्ही अक्षरे येतात, अमेरिकन पद्धतीत ‘ए’ गळते. आपल्या महाविद्यालयांतील जुन्या अध्यापकांनी ‘ए’ गाळलेली उत्तरपत्रिका लाल शाईने रंगवली असती. परंतु १९६३ साली स्थापन झालेल्या ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स’च्या नावातच तो ‘ए’ नाही! दोन्ही रूपे बरोबर आहेत. एका लेखात एकच रूप पाळावे, इतके पथ्य पुरे. इंग्रजीतल्या एका अक्षरावरून वाद घालणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या मराठी फलकांवर मात्र ‘तज्ञ’ असे लिहिलेले असते! ‘तत्’ अधिक ‘ज्ञ’ म्हणजे ‘तज्ज्ञ’, त्यात ‘ज’ला ‘ज्ञ’ जोडलेला आहे. परक्या भाषेतल्या चुकीला हसणाऱ्याने आपल्या दारावरची पाटी एकदा वाचावी, एवढेच सुचवितो. अर्थात या चुकीनेही कोणी दगावत नाही.

माझे म्हणणे येथूनच सुरू होते. भाषेच्या चुकीचे मोजमाप शाळामास्तरच्या पट्टीने न करता परिणामाने करावे. ‘सिन्स टू डेज’ असे लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला ‘फॉर टू डेज’ म्हणावे, हे खुशाल शिकवावे. पण दोन दिवसांचा ताप त्याच्या वाक्याने चार दिवसांचा होत नाही. उलट व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेले एखादे अक्षर बाळाच्या पोटात तिप्पट औषध घालू शकते.

उदाहरणे घेऊ. चहाचा चमचा आणि जेवणाचा मोठा चमचा यांची इंग्रजी संक्षिप्त रूपे ‘टीएसपी’ आणि ‘टीबीएसपी’. दोहोंत फरक एका ‘बी’चा. पहिल्याचा अर्थ ५ मिलिलिटर, दुसऱ्याचा १५. घाईत लिहिलेले ‘बी’ दिसो वा न दिसो, मात्रेत तिपटीचा फरक पडतो. शिवाय घरातला चमचा म्हणजे काही प्रमाणित माप नव्हे. म्हणूनच अमेरिकन बालरोग अकादमीने २०१५ साली पातळ औषधांची मात्रा केवळ मिलिलिटरमध्ये लिहावी आणि मोजमापाचे साधन औषधासोबत द्यावे, अशी भूमिका घेतली. आपणही ‘चमचा’ हा शब्द औषधचिठ्ठीवरून कायमचा हद्दपार करावा.

‘ड्रॉप्स’ या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे तान्ह्या मुलांसाठीचे ड्रॉप्स बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतके तीव्र असतात. सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅमचे असते. १० किलो वजनाच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर १२५च्या सिरपचे ६ मिलिलिटर, २५०च्या सिरपचे ३ आणि ड्रॉप्सचे अवघे दीड मिलिलिटर लागते. चिठ्ठीवर नुसते औषधाचे नाव आणि ‘६ मि.लि.’ लिहिले आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर बाळाला ६०० मिलिग्रॅम जातात. ‘ड्रॉप्स १.५’ एवढेच लिहिले, तर एखादी आई इमानदारीने दीड थेंब देते आणि ताप उतरत नाही म्हणून पुन्हा येते. तिचे काय चुकले? ‘ड्रॉप्स’ म्हणजे थेंब, हे तिला शाळेत बरोबरच शिकवले होते. औषधाच्या जातीला आणि मोजमापाला एकच शब्द आपण वापरला. दशांशचिन्हाचेही तेच. शून्याविना लिहिलेले ‘.५’ पाच वाचले जाते आणि ‘१.०’चा ठिपका पुसट झाला की दहा होते. मायक्रोग्रॅमचे संक्षिप्त रूप मिलिग्रॅम वाचले गेले, तर थायरॉइडची कमतरता घेऊन जन्मलेल्या बाळासाठी लिहिलेली मात्रा कागदावर हजारपट होते.

संक्षेपांनाही गाव असते. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा होतो. औषधांच्या नावांतही अशी जुळी भावंडे आहेत. क्लोरप्रोमझिन मनोविकारावरचे, तर क्लोरप्रोपामाइड मधुमेहावरचे. आम्लपित्तावरील ‘लोसेक’ हे नाव लघवी वाढवणाऱ्या ‘लॅसिक्स’शी गल्लत होते म्हणून अमेरिकेत १९९० साली बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. या पार्श्वभूमीवर २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम केला. त्याचे पालन किती होते, हे समोरच्या औषधाच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते.

आपल्यासारख्या प्रांताबाहेर वसलेल्या समाजात यात आणखी एक गुंता आहे. आपण तीन भाषांत आजारी पडतो. मूल ‘फिट’ आहे म्हणजे धडधाकट आहे, आणि मुलाला ‘फिट’ आली म्हणजे आकडी आली. हिंदीभाषक आई ‘दौरा पड़ा’ म्हणते. नव्याने मध्यप्रदेशात आलेल्या मराठी डॉक्टरला दौरा म्हणजे मंत्र्याचाच ठाऊक असतो. मध्यप्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तके प्रकाशित केली, तेव्हा शास्त्रीय संज्ञा देवनागरीत पण इंग्रजीच ठेवल्या, यावर पुष्कळ थट्टा झाली. मला ते धोरण योग्य वाटते. औषधाचे नाव सर्वत्र एकच असावे. भाषांतर व्हायला हवे ते सूचनांचे.

आता तर आपली नातवंडे न्यू जर्सीपासून सिडनीपर्यंत पसरली आहेत. आजी-आजोबा सामानात तापाचे ड्रॉप्स घेऊन जातात. अमेरिकेत त्याच पॅरासिटामॉलला ‘अॅसिटामिनोफेन’ म्हणतात. आईने दुपारी तिथले दिले, आजीने तासाभराने इथले दिले, आणि दोघींनाही आपण निराळे औषध दिले असे वाटले, तर तो दोष कोणाचा? शिवाय तिथले पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅमचे असते. त्या मापाने आपले ड्रॉप्स ५ मिलिलिटर दिले, तर ५०० मिलिग्रॅम होतात. दम्याच्या ‘सालब्युटामॉल’ला तिथे ‘अल्ब्युटेरॉल’ म्हणतात. लसीकरणाच्या कार्डावरील ०४/०५ ही तारीख आपल्याकडे ४ मे, तिथे ५ एप्रिल. ब्रिटनमध्ये ‘सर्जरी’ला जा म्हटले की पोट कापण्याची भीती नको, कारण तो साधा दवाखाना असतो. परदेशी निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एवढी माहिती देणे हे आपले काम आहे.

शब्दाची चूक पाकिटावरही असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याहून कितीतरी गोड पेये नावात ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे मिरवीत औषधांच्या दुकानांत विकली जात होती. जुलाब होणाऱ्या मुलाला जास्त साखरेने जुलाब वाढतात, हे आपण जाणतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या तीन अक्षरांसाठी अनेक वर्षे झुंज दिली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत हा शब्द वापरण्यास मनाई केली. शब्दनिवडीसाठी भांडणे ही भाषापंडितांची हौस नसते, याचे इतके चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

म्हणून आपल्या संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, सर्व सभासदांनी मुलांच्या पातळ औषधाची मात्रा मिलिलिटरमध्येच लिहावी, त्यापुढे औषधाची तीव्रता आणि बाळाचे वजनही लिहावे. दुसरी, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस द्यायचे, ही सूचना संक्षेपांऐवजी देवनागरीत, आईच्या भाषेत लिहावी. मराठी येत नसेल तिथे हिंदीत. तिसरी, परदेशी जाणाऱ्यांसाठी औषधांच्या भारतीय व अमेरिकन नावांचे आणि मात्रांचे एक पानी पत्रक संस्थेने छापावे. मजकूर मी तयार करून देतो.

आणि औषध दिल्यावर आईला ‘समजले का?’ असे विचारू नये. तिचे उत्तर ‘हो’ असेच असते, जसे ‘हाउ आर यू?’चे उत्तर ‘फाइन’ असते. ‘घरी गेल्यावर किती देणार, ते मला या नळीवर दाखवा’ असे म्हणावे. त्यासाठी अर्धे मिनिट पुरते, आणि ते तिला कोणत्याही भाषेत करता येते.