नागाची वाकी

पलूसहून एका भगिनींचे पत्र आले आहे. सासूबाईंच्या डब्यात नागाची सोन्याची वाकी निघाली. मुली दोन, वाकी एक! धाकटी म्हणते, मोडा आणि निम्मे निम्मे द्या. थोरली म्हणते, नाग अंगावर तर नकोच, पण घरातही नको. शिवाय दीर गलाईच्या धंद्यात. म्हणजे मूस घरचीच. बाईंचा जीव मात्र वाकीत अडकला आहे. 'काय करू?' असे त्या विचारतात.

आधी थोरलीचे भय पाहू. हे भय कुठून आले कोण जाणे! ज्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी देशभर गाजली, तिथल्या लेकीने नागाला भ्यावे? १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने तिथल्या जिवंत नागांच्या पूजेवर निर्बंध आणले, ते नागाच्या जिवाच्या काळजीने. नाग अशुभ म्हणून नव्हे. आपल्याकडे नाग हा बाईचा भाऊ. पंचमीच्या आदल्या दिवशी ती भावाचा उपवास करते, दुसऱ्या दिवशी पाटावर नाग काढून त्याला लाह्या-दूध दाखवते, चिरणे-तळणे टाळते. मला तर वाटते, दंडावरचा नाग म्हणजे सासरी सोबतीला आलेले माहेरच. शंकराच्या गळ्यात तो आहे, गणपतीच्या पोटाला आहे; मग सासूबाईंच्या दंडाने काय घोडे मारले होते? साहेबाच्या देशातही १८३९ मध्ये आल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला वाङ्निश्चयाची अंगठी दिली, ती नागाचीच. शेवट नसलेल्या प्रेमाची ती खूण. तेव्हा भयाचे कलम खोडून टाकावे.

आता घडणीकडे पाहा. वाकी दंडाला घट्ट बसावी लागते. सैल झाली की कोपरावर उतरते, आवळ झाली की वळ उठवते. वेढ्याच्या नागाला ही अडचण फारशी नाही. शेपटीपासून फण्यापर्यंत एकच वळसेदार अंग. किंचित ताणले की मोकळे, सोडले की पुन्हा धरून बसते. सोळा वर्षांच्या सुनेला आली, तीच तिला चार मुले झाल्यावरही येते! फण्यावरचे खवले सोनाराने एकेक करून उठवलेले असतात, डोळ्यांत माणकाचे बारीक खडे असतात. असे काम हल्ली करून घ्यायचे म्हटले, तर मजुरीचा आकडा ऐकून घरातली पुरुषमंडळी पाणी मागतील.

आणि ही सगळी मजुरी मुशीत जाते. विटे, खानापूर, आटपाडी, कडेगाव या बाजूची माणसे पोटासाठी बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळता गाळता देशभर पसरली. कष्टाचा धंदा, धूर आणि तेजाबाची वाफ छातीत घ्यायची. त्यांना बोल लावायचा नाही. पण मुशीला फणा कळत नाही. तिला वजन कळते आणि कस कळतो.

धाकटीनेही एक ध्यानात घ्यावे. जुनी वाकी पुष्कळदा भरीव नसते. आत लाख असते. तराजूत भारी दिसते ती लाखेसकट. लाख जळते, जोडाचा डाख कस उतरवतो, खडे निघतात ते बिनमोलाचे ठरतात. 'जुने सोने म्हणजे चोख सोने' हा समज मुशीपाशी नेहमी टिकतोच असे नाही. मग निम्म्याचे निम्मे करून प्रत्येकीच्या हाती काय येणार? एखादी अंगठी!

माझे मत विचाराल तर वाकी एकीला द्यावी आणि तेवढ्याच किमतीचे दुसरे सोने दुसरीला. कोणाला काय, ते बाईंनी हयातीत, दोघींना समोर बसवून ठरवावे. 'पाळीपाळीने वापरा' असे चुकूनही सांगू नये. बहिणींचे बोलणे बंद व्हायला तेवढे पुरते. कोणी परदेशी राहत असेल तर आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. त्यालाही १९७२ चाच कायदा आहे. वाकी किती जुनी, ते जाणकाराला दाखवल्याशिवाय ती बॅगेत टाकू नये.

एवढे करूनही मोडायचीच ठरली, तर आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. खडे आपल्यासमोर काढून घ्यावेत, लाख काढवून मगच वजन करावे, आणि दीर झाले तरी वजनाची चिठ्ठी मागावी.