झाडपाला आणि भाबडा विश्वास

‘झाडपाल्याचे औषध आहे; गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही!’ हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. पण या समजुतीची जबर किंमत बेल्जियममधील कित्येक स्त्रियांना मोजावी लागली आहे.

ब्रुसेल्समधील एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी दिली जात असे. १९९२ च्या सुमारास, ती घेणाऱ्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. शोध घेता उलगडा झाला तो असा : ‘हान फांग ची’ ऐवजी ‘ग्वांग फांग ची’ ही निराळीच वनस्पती त्या भुकटीत आली होती. नावे सारखी, पण दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल हे विष! शंभरावर रुग्ण सापडले. अनेकांवर मूत्रपिंडरोपणाची वेळ आली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आपल्याकडील सापसंद ही याच वनस्पतीची भाऊबंद आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशाचा नव्हे.

आयुर्वेदाचा अधिक्षेप करण्याचा येथे हेतू नाही. द्रव्याची पारख आणि मात्रा यांचा आग्रह आयुर्वेदानेच धरला आहे. आक्षेप आहे तो बिननावाच्या पुडीवर. पुडीत काय आहे, किती आहे, ते कोणी तपासले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. उत्तर मिळत नसेल तर ती पुडी परत करावी. बचनागही निसर्गानेच दिला आहे, हे विसरून कसे चालेल?