रक्त घेण्याचेही शास्त्र असते

प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रे उभी राहतात. पण यंत्र रोग्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे येते ती केवळ नळी. तीत रक्त कोणी व कसे भरले, यावर अहवालाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. आणि नेमक्या याच कामाला आपण हलके समजतो!

माझाच अनुभव सांगतो. प्रशिक्षणाच्या काळात एका आजींचे रक्त घेतले. जांभळ्या टोपणाची नळी भरली, साध्या नळीत मात्र थोडेच आले. आजींना पुन्हा टोचायला मन होईना, म्हणून जांभळ्या नळीतले रक्त साध्या नळीत ओतले. अहवाल आला : पोटॅशियम ९ च्या वर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच! पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. ९ म्हणजे हृदय थांबण्याची भीती. आजी तर खाटेवर बसून चहा पीत होत्या. ज्येष्ठ तंत्रज्ञांनी एवढेच विचारले, "कुठल्या नळीतून ओतलेस?" जांभळ्या नळीत ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. यंत्र खरेच बोलले होते. खोटी होती ती माझी नळी. आजींना दुसऱ्यांदा टोचावे लागलेच.

दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा अधिक आवळून ठेवणे, सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घेणे, या चुकाही अशाच. साखरेसाठी फ्लोराइडची राखी नळी न वापरता रक्त तसेच ठेवले, तर रक्तपेशी साखर खात राहतात व आकडा उतरतो.

आणि नाव? "तुम्ही पाटील ना?" असे विचारले, तर आपल्या बेळगाव भागात निम्मा वॉर्ड मान डोलावील. "तुमचे पूर्ण नाव काय?" किंवा "निम्म हेसरेनु?" असे रोग्याच्याच भाषेत विचारावे आणि नळीवर नाव त्याच्या खाटेपाशीच लिहावे.

कोणी म्हणेल, हे सरावाने येते. पण चुकीच्या सरावाने चूकच पक्की होते! प्रात्यक्षिकात आपल्याला तयार नमुना मिळतो. आकडा जुळला की गुण मिळतात. माझे म्हणणे एवढेच, की रक्त घेण्यालाही गुण असावेत. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?