पदरच्या पैशाने कादंबरी

किनवटच्या भगिनी विचारतात, कादंबरी लिहून झाली, प्रकाशक मिळत नाही. पाटल्या मोडून छापू का? अहो बाई, पाटल्या हातातच राहू द्या! अमरावती जिल्ह्यातले लक्ष्मण राव दिल्लीच्या फुटपाथवर चहा विकत. प्रकाशक दाद देईनात, तेव्हा त्यांनी १९७९ साली पहिली हिंदी कादंबरी स्वतःच छापली, अन् सायकलवरून हिंडून शाळा-ग्रंथालयांत पुस्तके विकली. खरी मेहनत असते ती या विक्रीत. नाहीतर माळ्यावरच्या गठ्ठ्यांवर वाळवीची चंगळ! म्हणून आधी शंभरच प्रती काढा. आता तेवढ्याही छापून मिळतात. मुद्रिते दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देते, हे लक्षात असू द्या. आणि हिशेबाची वही वेगळी घाला, किराण्याच्या वहीत नको.