मुक्ततेलाही नियम हवा

ज्या गावाचे दैवत नागांचा नाथ, त्या औंढा नागनाथात तरी घरात निघालेल्या सापाचे काय करावे, हा प्रश्न कोणा एकाच्या धाडसावर सोपविला जाऊ नये. पूर्वी साप दिसताच काठी उचलली जाई; आता बहुधा सर्पमित्राला बोलावणे जाते. हा पालट स्वागतार्ह खराच. परंतु पकडलेल्या सापाला पोत्यात घालून दूरच्या रानात सोडले म्हणजे जीवदया पुरी झाली, असा जो समज रूढ झाला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती नाही. पकडणे, अडकविणे हीदेखील शिकारच मानलेली आहे. कायद्याविरुद्ध पकडलेला वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. अर्थात पकडणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो, वनखात्याची परवानगी आणि नोंद यांवाचून त्याचे काम कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. लांब नेऊन सोडण्याचे परिणाम काय होतात, याचा धडाही महाराष्ट्राने घेतलेला आहे.

जुन्नर परिसरात १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पुढे बिबटे पकडून आसपासच्या वनांत सोडण्याची मोहीम सुरू झाली आणि ही सरासरी ३२५ टक्क्यांनी वाढली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही अशा स्थलांतराविषयी सावधगिरी सांगितली. उपकारबुद्धीने हलविलेला प्राणी अपरिचित मुलखात भांबावतो आणि त्याचे मोल तेथील गावकऱ्यांना द्यावे लागते.

साप लहान असला तरी त्याला हाच न्याय लागू आहे. आपले बीळ, आपले भक्ष्य, आपला निवारा ठाऊक असलेला साप दूर सोडला, की अधिक भटकतो, रस्त्यावर येतो आणि पुष्कळदा मरतो. धामण हळदीच्या व सोयाबीनच्या शेतात उंदीर खाते. तिला दुसऱ्या तालुक्यात नेणे म्हणजे शेतकऱ्याचा सेवक हिरावणे होय. शिवाय परक्या भागातील प्राण्याबरोबर रोगही जातो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१३ साली सांगितलेल्या तत्त्वांत प्राण्याचे मूळ क्षेत्र, आरोग्य, अधिवास आणि सुटकेनंतरची देखरेख यांवर भर आहे.

नागपंचमीला गारुड्याकडून सोडविलेला, दात उपटलेला, तोंड शिवलेला नाग तर लगेच सोडण्याच्या योग्यतेचाच नसतो. त्याला आधी उपचार हवेत, नंतर परीक्षा, आणि अखेरीस निर्णय. राज्यातील परिचित केंद्रे, नागपूरचे गोरेवाडा किंवा जुन्नरजवळचे माणिकडोह, औंढ्यापासून फार लांब आहेत. तालुक्यातील पशुवैद्यकाला सापाच्या प्राथमिक उपचारांचे शिक्षण आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात सुरक्षित खोली, एवढी व्यवस्था तरी अशक्य मानण्याचे कारण नाही.

नियम मोजकेच असावेत, पण ते लिखित आणि जाहीर असावेत. कोठे, केव्हा, कोणती जात पकडली, याची नोंदवही असावी. निरोगी साप सापडलेल्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, वस्तीपासून सुरक्षित अंतरावर, त्याच दिवशी सोडावा. आजारी प्राणी वैद्याच्या दाखल्याविना सोडू नये. पकडण्याचे प्रदर्शन आणि छायाचित्रांची हौस यांना थारा नसावा. शाळांतून शिक्षकांनी एवढे जरी सांगितले, की साप दूध पीत नाही आणि दंशावर मंत्र नव्हे, रुग्णालयातील प्रतिविष हाच उपाय आहे, तरी पुष्कळ साप पकडण्याची वेळच येणार नाही.

श्रावणात नागाला हात जोडणारे हेच गाव उरलेल्या वर्षात त्याला त्याचे बीळ राखून देईल, तर त्या नमस्काराला अर्थ येईल. सुटकेचा दिवस हा उपकाराचा शेवट नसून जबाबदारीचा आरंभ आहे, हे वनखात्याने आणि नागरिकांनीही ओळखावे.