शक्तिमानचा प्रेक्षक आणि प्रायोजकाचा हिशेब

एखादी मालिका प्रेक्षकांना आवडली की नाही, हे कोणी आणि कोणत्या मापाने ठरवावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या सदरात मोडतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. नवी मुंबईतील घणसोली गावात त्याची दोन्ही टोके एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. एका बाजूला जुने गावठाण, आगरी-कोळी कुटुंबांची दाटीने उभी असलेली घरे आणि पलीकडे ठाण्याची खाडी. दुसऱ्या बाजूला गावाच्या वेशीवरचे रिलायन्सचे विस्तीर्ण संकुल, जेथून ‘जिओ’चा कारभार चालतो. गावठाणातला प्रेक्षक आता मालिका बहुधा हातातल्या फोनवर पाहतो. त्याने भाग कोठे थांबवला, कोठे पुढे ढकलला आणि कोठे अर्धवट सोडला, याची नोंद त्याने तोंड उघडण्यापूर्वीच झालेली असते. पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी याच गावातील मुले ‘शक्तिमान’ पाहत होती, तेव्हा त्यांची नोंद घेणारे यंत्र नव्हते. तथापि त्यांचा हिशेब मात्र कोणीतरी करीत होते.

‘शक्तिमान’ दूरदर्शनवर सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. चारशेहून अधिक भाग झाले. तिला विज्ञानकथा म्हणावे काय, याविषयी मतभेद संभवतात. नायकाला शक्ती मिळते ती पंचमहाभूतांच्या आणि कुंडलिनीच्या साधनेतून. विज्ञान वाट्याला येते ते बहुतांशी खलनायकाच्या, म्हणजे विक्षिप्त शास्त्रज्ञ डॉ. जॅकालच्या. ही वाटणी मुलांच्या मनावर काय संस्कार करीत असेल, याचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही. पण केबलची जोडणी न परवडणाऱ्या घरालाही छपरावरच्या अँटेनावर जी मालिका फुकट दिसत होती, तीत परग्रह, यंत्रमानव आणि प्रयोगशाळा होत्या, एवढे खरे. ज्या घरात संच असे त्या घराच्या ओटीवर आळीतली मुले गोळा होत. ती शनिवारी सकाळी लागे तेव्हा शाळा आणि ‘शक्तिमान’ यांत कोणाची सरशी होत असे, हे त्या काळच्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

मालिकेच्या प्रेक्षकांची सर्वांत गाजलेली प्रतिक्रिया मात्र दुःखद होती. शक्तिमान येऊन वाचवील या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या १९९८-९९ च्या सुमारास वृत्तपत्रांत येऊ लागल्या. निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी या बातम्यांचा मालिकेशी जोडलेला संबंध नाकारला. परंतु असे अनुकरण करू नका, असे मुलांना पडद्यावरून बजावण्याची वेळही त्यांच्यावर आली. येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य सादर केले आणि सारा देश भयभीत होऊन रस्त्यावर आला, असे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी छापले. पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की घबराट होती, पण वर्णिली गेली तेवढी नव्हती. नभोवाणी आपल्या जाहिराती पळवीत आहे याचा राग वृत्तपत्रांच्या मनात होता. तेव्हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेची बातमी वाचताना ती कोणी मोजली आणि मोजणाऱ्याचा त्यात काय लाभ होता, हे आधी विचारावे. मात्र एका जरी मुलाने छपराच्या कठड्यावर पाय ठेवला असेल, तर तेवढ्यानेही प्रश्न गंभीर ठरतो. त्याचे उत्तर म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी शक्तिमान मुलांना चांगल्या सवयींचे धडे देई आणि चुकलेले मूल त्याची क्षमा मागे. पालकांना हा भाग फार आवडे. हवेत उडणारा माणूस खोटा का असतो, हे मात्र त्या धड्यांत सहसा सांगितले जात नसे. आणि मुलांना गरज होती ती नेमकी त्याचीच.

आता हिशेबाकडे वळू. दूरदर्शनच्या प्रायोजित पद्धतीत निर्माता मालिका स्वखर्चाने तयार करतो, प्रक्षेपणासाठी दूरदर्शनला शुल्क भरतो आणि पदरी पडलेला जाहिरातींचा वेळ विकून आपला खर्च भागवतो. खन्ना यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले त्याप्रमाणे प्रारंभी एका भागासाठी ३ लाख ८० हजार रुपये भरावे लागत. मालिका गाजली, रविवारी आली आणि शुल्क वाढत वाढत १० लाख ८० हजारांवर गेले. पुढे आणखी वाढ व्हावयाची होती. मालिका बंद पडण्याचे कारण त्यांनी हेच दिले आहे. ही त्यांची बाजू झाली, हे ध्यानात ठेवूनही त्यातील अर्थशास्त्र पाहण्यासारखे आहे. प्रेक्षक वाढला म्हणून वेळेचे मोल वाढले. मोल वाढले म्हणून मालिका परवडेनाशी झाली. मुलांनी मालिकेवर जेवढे अधिक प्रेम केले, तेवढा तिचा मुक्काम अवघड होत गेला. बाजारात हा खंड आहे, दुसरे काही नाही. गाळा चांगला चालतो असे दिसले की मालक भाडे वाढवतो, हे घणसोलीच्या दुकानदारालाही ठाऊक आहे. पण दूरदर्शन हे भाड्याचा गाळा नव्हे.

मूल हा विचित्र ग्राहक आहे. त्याला आवड आहे, क्रयशक्ती नाही. त्याची आवड बाजारात उमटते ती आईच्या किराण्याच्या यादीतून, बिस्किटाच्या पुड्यातून आणि त्या पुड्यात निघणाऱ्या स्टिकरमधून. ‘पार्ले-जी’ने प्रायोजक व्हावे यात म्हणूनच काही नवल नव्हते. परंतु अशा व्यवस्थेत ज्या मुलाच्या घरी बिस्किटाचा पुडा रोज येत नाही, त्याचे पाहणे आणि न पाहणे सारखेच ठरते. अखेर मालिका थांबली ती धड शेवटही न होता. कथेचे धागे तसेच लोंबकळत राहिले. सात-आठ वर्षे ज्यांनी पाहिले त्यांना विचारावे असे कोणालाच वाटले नाही. १ एप्रिल २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली तेव्हा तिशी ओलांडलेले प्रेक्षक आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहत होते. मालिका का बंद झाली, हा प्रश्न त्यांनी तोवर सोडलेला नव्हता.

प्रेक्षकाने बोलूनही मान राखला जातोच असे नाही. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका, जी १९८०च्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवरही आली, १९६७-६८ मध्ये बंद होण्याच्या मार्गावर होती. प्रेक्षकांनी एनबीसी या वाहिनीकडे लाखाहून अधिक पत्रे धाडली, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला आणि १ मार्च १९६८ रोजी वाहिनीने मालिका चालू राहील असे पडद्यावरूनच जाहीर केले. त्यानंतर तिला शुक्रवारची रात्री दहाची वेळ दिली, खर्चाला कात्री लावली आणि जून १९६९ मध्ये ती संपवली. पत्रे वाचली गेली. पत्रलेखकांचे भाव मात्र वाढले नाहीत. त्याच अखेरच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९६८ च्या भागात, कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकोल्स आणि नायक यांचे चुंबन दाखवले गेले. दक्षिणेकडील राज्यांत गहजब होईल या भीतीने वाहिनीचे अधिकारी हवालदिल झाले होते. निकोल्स यांनी पुढे लिहिले आहे की आलेली पत्रे बहुतांशी अनुकूल होती. प्रेक्षकाला काय झेपेल याविषयी कचेरीत बसून केलेला अंदाज आणि खरा प्रेक्षक यांत किती अंतर असते, हे त्या एका भागाने दाखवले.

हे अंतर घणसोलीला नवे नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, तेव्हा भातखाचरांचे आणि मिठागरांचे मोल कागदावर ठरले. पिकवणाऱ्याचे मत ऐकले गेले ते जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिल्यानंतर. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून पुढे आली. मालिकेच्या प्रेक्षकाची जमिनीच्या मालकाशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. पण न विचारता मोल ठरवण्याची सवय ओळखीची आहे.

आज फोनवर प्रत्येक क्षण मोजला जातो, तेव्हा प्रेक्षकाचा आवाज पूर्वीपेक्षा अधिक ऐकू जातो, असा युक्तिवाद केला जाईल. तो तपासून घ्यावा. भाग मध्येच थांबला तो कंटाळ्याने, की कुकरची शिट्टी झाली म्हणून, हे यंत्राला कळत नाही. आणि प्रेक्षकाला जे दाखवलेच गेले नाही, त्याची मागणी कोणत्याही नोंदीत उमटत नाही. मराठी मुलाला मराठीतली विज्ञानमालिका हवी आहे काय, याचे उत्तर म्हणूनच आकड्यांत सापडणार नाही.

मालमसाला नाही, असेही नाही. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. परीक्षकांनी नाव न पाहता केवळ कथेला पहिले पारितोषिक दिले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या, तसेच बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांत विज्ञान खलनायकाच्या हाती सोडलेले नाही आणि चमत्काराला मंत्राचा आधार घ्यावा लागत नाही. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्यात विज्ञान व तंत्रज्ञानाकडे विशेष लक्ष देण्याचे कर्तव्य स्पष्टपणे नमूद आहे. प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रसारण परिषदेची कल्पनाही त्याच कायद्यात होती. सामान्य प्रेक्षकाला तिचे नावदेखील ठाऊक नाही. सह्याद्री वाहिनीने आठवड्यातून अर्धा तास प्रक्षेपण शुल्काच्या हिशेबाबाहेर काढावा, या लेखकांच्या कथांवर मालिका करावी आणि मुलांच्या पत्रांना प्रत्येक भागानंतर शास्त्रज्ञाकडून पडद्यावरच उत्तर द्यावे. माणूस का उडू शकत नाही, हे पहिल्याच पत्रात विचारले जाईल. खर्च किती येईल, याचे अंदाजपत्रक मुंबईच्या दूरदर्शन केंद्राने मांडावे. जाहिराती किती मिळतील, हा प्रश्न त्यानंतरचा.